लाकूड, काच आणि वीस हजार व्होल्ट

उत्तर वेल्समध्ये डी नदीच्या मुखाशी, मॉस्टिन गावाजवळच्या चिखलात ‘ड्यूक ऑफ लँकेस्टर’ नावाचं जहाज १९७९ सालापासून टेकून उभं आहे. बेलफास्टच्या हार्लंड अँड वुल्फ गोदीत ते बांधलं गेलं आणि १९५६ साली प्रवासी वाहतुकीला लागलं. ती चाकरी संपल्यावर त्याला किनाऱ्याशी आणून कायमचं बसवलं आणि त्यात ‘फन शिप’ नावाचं करमणूक केंद्र थाटलं. स्थानिक प्रशासनाशी वाद झाले, केंद्र फार काळ चाललं नाही. दारं बंद झाली तेव्हा नाणं टाकून खेळायची व्हिडिओ गेमची यंत्रं आत होती तशीच राहिली. पुढे कित्येक वर्षं त्यांच्या वाट्याला खारी हवा आणि अंधार एवढंच आलं.

ही बातमी ब्रिटनमधल्या संग्राहकांपर्यंत पोचली. त्यांनी जहाजाच्या मालकाशी बोलणी केली, यंत्रं विकत घेतली आणि क्रेन लावून ती खाली उतरवली. माणसाहून उंच, शंभर किलोहून जड, ठिकठिकाणी गंजलेली ही खोकी लोकांनी आपापल्या घरी नेली. ज्या खेळांसाठी एवढा आटापिटा केला त्यातले बहुतेक खेळ आज कुठल्याही साध्या मोबाइलवर चालतात. मग ही माणसं नेमकं काय वाचवत होती? या लेखामागचा प्रश्न एवढाच आहे, आणि त्याचं उत्तर शोधायचं तर यंत्राचं मागचं दार उघडून आत डोकवावं लागतं.

या यंत्रांची पिढी फार थोड्या वर्षांत जन्मली. १९७२ साली अटारी कंपनीसाठी अल अल्कॉर्न यांनी ‘पाँग’ बनवला. त्यात मायक्रोप्रोसेसर नव्हता, प्रोग्रॅमही नव्हता; लॉजिक चिपांची जोडणी हाच खेळ होता. कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल गावात अँडी कॅप्स टॅव्हर्न नावाच्या बारमध्ये पहिलं यंत्र ठेवलं, आणि थोड्याच दिवसांत ते बिघडल्याची तक्रार आली. अल्कॉर्न यांनी जाऊन उघडलं तर बिघाड असा काही नव्हता, नाण्यांचा डबा भरून ओसंडत होता. १९७८ साली जपानमध्ये तैतो कंपनीच्या तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ केला, १९७९ साली अटारीचा ‘अ‍ॅस्टेरॉइड्स’ आला, १९८० साली नाम्कोच्या तोरू इवातानी यांचा ‘पॅक-मॅन’, १९८१ साली निन्टेन्डोच्या शिगेरू मियामोतो यांचा ‘डाँकी काँग’. एकट्या अमेरिकेत पॅक-मॅनची सुमारे एक लाख यंत्रं खपली. जानेवारी १९८२ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाला व्हिडिओ गेमच्या या लाटेवर मुखपृष्ठकथा करावीशी वाटली.

लाट वर्षभरात ओसरू लागली. यंत्रं ही ऑपरेटरची मालमत्ता होती. तो ती किराणा दुकानात, पिझ्झाच्या हॉटेलात, लाँड्रीत ठेवी आणि नाण्यांतला वाटा दुकानदाराला देई. गल्ला आटला की ऑपरेटर तेच खोकं नव्या खेळासाठी वापरी. बोर्ड बदलायचा, वरच्या दिव्याची काच बदलायची, बाजूंच्या चित्रांवर काळा रंग फासायचा आणि खोकं पुन्हा धंद्याला लावायचं. १९८५ साली जपानमध्ये ‘जामा’ ही ५६ पिनांच्या जोडणीची प्रमाणपद्धत आली आणि हे काम आणखी सोपं झालं. ऑपरेटरला दोष द्यावा असं यात मला काही दिसत नाही. त्याचा तो धंदा होता. पण यामुळे मूळ रूपातली यंत्रं झपाट्यानं घटली, आणि जी उरली ती गोदामांच्या कोपऱ्यात, कोठारांत, लिलावांत मिळेल त्या भावानं गेली. ती घेणारे बहुतेक लोक असे होते, ज्यांनी शाळकरी वयात तिथं आपली नाणी टाकली होती.

अमेरिकेतल्या पुष्कळ घरांना तळघर असतं आणि या छंदाला ते मानवतं. मोठं यंत्र जिन्यावरून खाली नेताना दोन माणसं, पट्टे आणि हातगाडी लागते. दाराची चौकट आधी मोजावी लागते. खोलीत दहा-बारा यंत्रं झाली की विजेची स्वतंत्र लाइन ओढावी लागते, कारण प्रत्येकात एक पिक्चर ट्यूब, एक ट्रान्सफॉर्मर आणि वरची पाटी उजळणारी एक ट्यूबलाइट असते. सगळी एकदम चालू केली तर थंडीच्या दिवसांतही खोली तापते. अनेक जण जमिनीवर ग्रह-ताऱ्यांच्या नक्षीचा, अतिनील दिव्यात चमकणारा गालिचा टाकतात, जुन्या आर्केडमध्ये, म्हणजे खेळघरांत, असे तसा. ही सजावट झाली. खरं काम यंत्राच्या पाठीमागे असतं.

सुरुवात लाकडापासून होते. बहुतेक खोकी प्लायवूडची किंवा पार्टिकल बोर्डाची आहेत. पार्टिकल बोर्ड ओल पितो आणि तळाशी फुगून भुसा होतो. तेवढा भाग कापून नवा तुकडा जोडायचा, लांबी भरायची, घासायचं, पुन्हा भरायचं. काळ्या रंगाचा थर हळूहळू खरवडला तर कधी कधी खाली मूळ स्टेन्सिलचं चित्र सापडतं, आणि संग्राहकाला त्याच्याइतका आनंद दुसऱ्या कशानं होत नाही. चित्र पार गेलेलं असेल तर नव्यानं छापलेलं मिळतं. कडांना बसवायची प्लॅस्टिकची पट्टी, नाण्याचं दार, त्याची कुलुपं यांचेही आज नवे भाग बनतात. नाण्याच्या दाराची किल्ली यंत्रासोबत क्वचितच येते, त्यामुळे कुलूप ड्रिलनं फोडण्यापासून कामाला हात घालणारे पुष्कळ आहेत.

मग हाताचा भाग. पॅक-मॅनच्या जॉयस्टिकखाली धातूच्या पानांचे स्विच असतात: दोन पातळ पट्ट्या, टोकाला संपर्काचे ठिपके, दांडी हलली की एक पट्टी दुसरीला टेकते. टक्‌ असा आवाज त्यांना नाही, नंतरच्या मायक्रोस्विचना आहे. पानं नुसती काळवंडलेली असतील तर ठिपक्यांमध्ये जाड कोऱ्या कागदाची पट्टी सरकवून साफ करतात. पॉलिश पेपर मारला तर वरचा मुलामाच निघून जातो. मग पान बोटानं किंचित वाकवून अंतर जुळवायचं. अंतर जास्त राहिलं तर पॅक-मॅन वळणावर चुकतो, कमी राहिलं तर आपोआप वळतो. डोना बेली आणि एड लॉग यांनी केलेल्या ‘सेंटिपीड’मध्ये दांडी नसून ट्रॅकबॉल आहे, तिथं चेंडूखालचे दांडे झिजतात आणि बेअरिंगमध्ये मळ बसतो. ही कामं नाजूक आहेत पण शिकता येतात, आणि हात बसला की बोटांना अंतर कळू लागतं.

वीज हा त्यापुढचा टप्पा. पॅक-मॅनच्या बोर्डाला बाहेरून थेट एसी वीज मिळते आणि ती बोर्डावरच डीसी होते. त्यामुळे कडेच्या जोडणीतल्या मोजक्या पिनांमधून मोठा प्रवाह जातो, त्या तापतात, कनेक्टर करपतो. चाळीस वर्षं चाललेलं पॅक-मॅन उघडलं आणि तो कनेक्टर काळा पडलेला नाही, असं फारसं होत नाही. विल्यम्स कंपनीच्या ‘डिफेंडर’, ‘जाऊस्ट’, ‘रोबोट्रॉन’ या खेळांच्या बोर्डांवर विक्रमी गुण साठवण्यासाठी पेन्सिल सेल बसवलेले असत. सेल पाझरतात आणि त्यांचा क्षार तांब्याच्या रेघा खाऊन टाकतो. खाल्लेली रेघ बारीक तारेनं पुन्हा जोडावी लागते आणि सेलची जागा बोर्डापासून दूर करावी लागते. प्रोग्रॅम ज्या ईप्रॉम चिपांत असतो त्यांच्या पाठीवर काचेची छोटी खिडकी असते, अतिनील प्रकाशानं मजकूर पुसता यावा म्हणून. त्या खिडकीवरची कागदी चिकटपट्टी गळून पडली आणि चिप उघडी राहिली, तर खेळ आपोआप पुसला जाण्याचा धोका असतो.

आणि मग पिक्चर ट्यूब. या छंदातला सगळ्यात कठीण आणि सगळ्यात सुंदर भाग हाच, म्हणून इथं जरा थांबतो.

रंगीत ट्यूबच्या आतल्या थराला वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब लागतो. यंत्र बंद केलं, प्लग काढला, तरी तो ट्यूबमध्ये साठून राहू शकतो, कारण ट्यूबची काच स्वतःच कपॅसिटरसारखं काम करते. म्हणून पहिला धडा असा: जाड तार चौकटीला अर्थ करायची, तिचं दुसरं टोक लांब मुठीच्या स्क्रूड्रायव्हरला बांधायचं, एक हात पाठीमागे ठेवायचा आणि ट्यूबवरच्या रबरी टोपीखाली पातं सरकवून भार उतरवायचा. अनुभवी माणूस आपल्या शिकाऊला हे करून दाखवल्याशिवाय मॉनिटरला हात लावू देत नाही. त्या काळच्या ‘इलेक्ट्रोहोम जी०७’ यासारख्या मॉनिटरांची चौकट थेट मेन्सशी जोडलेली असते, मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असावाच लागतो. तो वगळून घरी टेबलावर मॉनिटर चालू करणं जिवावर बेतू शकतं.

बिघाड ओळखता येतात. चित्र लाटेसारखं हलत असेल, कडांनी आक्रसलं असेल, वरचा भाग दुमडून खाली येत असेल तर इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर सुकलेले असतात. सगळेच्या सगळे बदलायचे, एकेक शोधत बसायचं नाही. चित्रच नसेल आणि नेहमीची ती बारीक शीळही येत नसेल तर फ्लायबॅक पाहायचा, ज्याला आपले टीव्ही मेकॅनिक ईएचटी म्हणत. रंग फिके असतील तर ट्यूबचा कॅथोड थकलेला असतो. त्याला थोडा जास्त दाब देऊन जाग आणण्याचं उपकरण मिळतं. ‘ट्यूब बूस्ट करणं’ आपल्याकडच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानांतही चालत असे आणि तिथलेही लोक सांगत, चालली तर काही वर्षं, नाहीतर इथंच संपली. एक बिघाड मात्र दुरुस्त होत नाही. पॅक-मॅनचा चक्रव्यूह वर्षानुवर्षं त्याच जागी उमटत राहिल्यानं आतला फॉस्फर, म्हणजे उजळणारा थर, जळतो, आणि यंत्र बंद असतानाही काचेत तो आराखडा दिसत राहतो.

‘अ‍ॅस्टेरॉइड्स’ आणि ‘टेम्पेस्ट’ यांचे मॉनिटर वेगळ्याच जातीचे. घरातल्या टीव्हीत इलेक्ट्रॉनचा झोत डावीकडून उजवीकडे, वरून खाली ओळी मारत जातो आणि त्या ओळींतून चित्र भरतो. व्हेक्टर मॉनिटरमध्ये तो ओळी मारत नाही. संगणक त्याला सांगतो, इथून तिथपर्यंत जा, आणि झोत थेट रेघ ओढतो. अंतराळयान, दगड, अक्षरं, सगळं रेघांनी काढलेलं. अ‍ॅस्टेरॉइड्समध्ये गोळी म्हणजे झोतानं एका जागी थांबून दिलेला ठिपका, आणि तो इतका लख्ख असतो की भोवतालच्या काळ्या काचेवर त्याची आभा पसरते. तो ठिपका पुढे गेला तरी मागे क्षणभर उजेडाची शेपटी राहते. रेघेला पायऱ्या नसतात. हा खेळ मोबाइलवर पाहिलेल्या माणसाला खऱ्या यंत्रासमोर उभं केलं तर तो वेगळाच खेळ पाहतो, असं माझं ठाम मत आहे. त्या उजेडाची किंमतही मोठी आहे. झोत वळवणारं सर्किट बंद पडलं तर सगळा झोत एका बिंदूवर स्थिर होतो आणि तिथला फॉस्फर जाळतो, म्हणून रंगीत व्हेक्टर मॉनिटरमध्ये झोत ताबडतोब विझवणारं संरक्षण आणि त्याचा सूचक लाल दिवा दिलेला असतो. १९८१च्या ‘टेम्पेस्ट’मधला ‘वेल्स-गार्डनर ६१००’ त्या काळीच सतत बिघडणारा म्हणून प्रसिद्ध होता, आणि आज तो चालू ठेवणाऱ्या माणसांना या वर्तुळात फार मान आहे.

५ फेब्रुवारी १९९७ रोजी निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रॅमरनं ‘मेम’ या एम्युलेटरची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. जुन्या बोर्डांच्या चिपांतला मजकूर वाचून घ्यायचा आणि ते बोर्ड सॉफ्टवेअरमध्ये हुबेहूब उभे करायचे, हे त्याचं काम. मेम नसता तर शेकडो खेळ कायमचे गेले असते आणि आजचे दुरुस्ती करणारे लोकही मेमच्याच नोंदी पाहून बोर्ड दुरुस्त करतात. त्याचं ऋण मोठं आहे. पण ‘स्पेस इन्व्हेडर्स’ घ्या. मूळ उभ्या यंत्रात ट्यूब खेळणाऱ्याच्या समोर नसते. ती आत लपवलेली असते आणि तिचं चित्र अर्धपारदर्शक आरशावरून आपल्याला दिसतं. आरशामागे चंद्राचा कापलेला देखावा आणि रंगवलेलं आकाश, अतिनील दिव्यात उजळलेलं. पांढऱ्या चित्रावर रंगीत पारदर्शक पट्ट्या. शत्रू चंद्रावरून खाली उतरतात असं वाटतं ते या सगळ्यामुळे. त्यातली धडधड आणि उडत्या तबकडीची शीळ प्रोग्रॅममधून येतच नाही, ती रोधक, कपॅसिटर आणि एका ध्वनी-चिपच्या अ‍ॅनालॉग सर्किटमधून येते. म्हणून मेमला कित्येक वर्षं खऱ्या यंत्राचे रेकॉर्ड केलेले आवाज वापरावे लागले. चिपांतला मजकूर सगळा वाचला, तरी आवाज त्यात सापडला नाही. खेळ प्रोग्रॅममध्ये पूर्णपणे मावत नाही, तो आरशात, पट्ट्यांत, कपॅसिटरच्या मूल्यांतही वाटलेला आहे. संग्राहक वाचवतात ते हे.

हा फरक किती खरा आहे ते एका वादानं जगासमोर आणलं. डाँकी काँगचे खेळाडू बिली मिचेल यांचे विक्रम ‘ट्विन गॅलेक्सीज’ या गुणनोंदी ठेवणाऱ्या संस्थेनं एप्रिल २०१८ मध्ये रद्द केले. त्यांच्या खेळाच्या चित्रफिती मूळ, न बदललेल्या बोर्डावरच्या नाहीत, असा तिचा निष्कर्ष होता. पुरावा होता तो पडद्यावर नवी पातळी येताना तुळया कशा उमटतात याचा: खरा बोर्ड चित्र एका रीतीनं रचतो, एम्युलेटर दुसऱ्या, आणि तो फरक सेकंदाच्या अंशात घडतो. मिचेल यांनी आरोप नाकारले आणि ते न्यायालयात गेले. जानेवारी २०२४ मध्ये दोन्ही बाजूंत समझोता झाला आणि त्यांचे विक्रम संस्थेच्या ऐतिहासिक नोंदींत परत आले. कोण बरोबर होतं यात मी शिरत नाही. खरं यंत्र कसं वागतं हे तपासायला खरी, चालती यंत्रं हातात लागली, आणि ती कुणाकुणाच्या घरांत जपलेली होती, एवढं मला महत्त्वाचं वाटतं.

काळजी पिक्चर ट्यूबची आहे. कपॅसिटर नवे मिळतात, लाकूड नवं मिळतं, चिपा जुन्या साठ्यात सापडतात. ट्यूब आता जवळपास कुणी बनवत नाही. जुनी ट्यूब उघडून तिची इलेक्ट्रॉन गन बदलून पुन्हा निर्वात करण्याचा उद्योग अमेरिकेत होता. आयोवा राज्यातल्या डे मॉइन शहरातली हॉक-आय पिक्चर ट्यूब ही कंपनी त्यातली शेवटची, ती २०१० साली बंद झाली. तिची यंत्रसामग्री ओहायोतल्या हिलियर्ड गावच्या अर्ली टेलिव्हिजन म्युझियमनं उचलून नेली, विद्या मरू नये म्हणून. आता घरगुती टीव्हीच्या ट्यूबवर गुजराण चालते. मानेच्या पिना जुळणारा, त्याच मापाचा टीव्ही रस्त्याकडेला टाकलेला दिसला की संग्राहक गाडी थांबवतो.

या कहाणीत महाराष्ट्राचा एक मोठा धागा आहे आणि आपल्याकडे त्याची आठवण फारशी निघत नाही. अमेरिकेतली आरसीए ही पिक्चर ट्यूबच्या क्षेत्रातली अग्रणी कंपनी. १९८०च्या दशकात तिचा टीव्हीचा कारभार जनरल इलेक्ट्रिककडून फ्रान्सच्या थॉम्सनकडे गेला आणि २००५ साली थॉम्सनचा जगभरचा ट्यूब व्यवसाय औरंगाबादच्या व्हिडिओकॉननं विकत घेतला. बाकीचं जग सपाट पडद्याकडे वळत असताना मराठवाड्यातून उभा राहिलेला हा उद्योगसमूह पोलंडपासून मेक्सिकोपर्यंतच्या ट्यूब कारखान्यांचा मालक झाला. व्यवहार म्हणून तो फसला. पण पिक्चर ट्यूब बनवणाऱ्या जगातल्या अखेरच्या काही कंपन्यांत एक आपल्याकडची होती, आणि त्या कारखान्यांत काम केलेली माणसं अजून आहेत. काच कशी ओतायची, फॉस्फर कसा चढवायचा, आतली हवा कशी काढायची हे ज्यांना हातानं येतं, त्यांच्याकडून ते कुणी लिहून घेतल्याचं मी कुठं वाचलेलं नाही.

जतन म्हणजे काय यावर संग्राहकांत मतभेद आहेत आणि ते असायलाच हवेत. एक पक्ष यंत्र कारखान्यातून निघालं तसं कोरं करतो: नवी चित्रं, नवा रंग, नवं पॅनल. दुसरा पक्ष म्हणतो, पॅनलवरचा सिगारेटचा डाग, दांडीभोवती झिजलेला रंग, आत पेन्सिलनं लिहिलेल्या दुरुस्तीच्या तारखा, हे सगळं त्या यंत्राचं आयुष्य आहे, ते पुसू नका. मी दुसऱ्या बाजूचा आहे. नवं पॅनल कुणीही छापून आणील, पण अनोळखी मुलांच्या हजारो हातांनी झालेली झीज पुन्हा कुणाला बनवता येणार नाही. पण ‘मूळ’ हा शब्दही दिसतो तितका सरळ नाही. निन्टेन्डोनं अमेरिकेत ‘रडार स्कोप’ नावाच्या खेळाची तीन हजार यंत्रं पाठवली होती, त्यातली सुमारे दोन हजार खपली नाहीत. ती वाया जाऊ नयेत म्हणून मियामोतो यांना नवा खेळ करायला सांगितलं, बोर्ड बदलले, आणि अशा रीतीनं पहिले डाँकी काँग लाल रंगाच्या रडार स्कोपच्या खोक्यांतून बाहेर आले. आज ते लाल खोकं संग्राहकांना नंतरच्या निळ्या खोक्याहून प्रिय आहे. त्याला ‘मूळ’ रूप द्यायचं तर रडार स्कोप करावं लागेल, आणि तसं करणं मला अन्यायाचं वाटेल.

याहून अवघड प्रश्न मालकीचा. १९८२ साली अटारीनं ‘अक्का आर्ह’ नावाचा खेळ चाचणीपुरता बनवला आणि सोडून दिला. त्याची तीनच यंत्रं शिल्लक असल्याचं मानलं जात होतं, आणि मालकांनी चिपांतला मजकूर कुणाला दिला नव्हता. २०१९ साली तो अचानक मेममध्ये आला. यंत्र दुरुस्तीला आलेल्या माणसानं मालकाच्या नकळत चिपा वाचून नेल्या, असा आरोप तेव्हा झाला. २०२२ साली अटारीनं स्वतःच तो खेळ आपल्या अधिकृत संचात प्रसिद्ध केला. मला दोन्ही बाजू खुपतात. जगात तीनच प्रती उरलेली गोष्ट कुलपात ठेवणं म्हणजे एका आगीवर किंवा एका पुरावर सगळं सोडणं. मालकानं आपल्या हयातीत प्रत एखाद्या संग्रहालयाकडे सोपवायलाच हवी. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर इथल्या स्ट्राँग म्युझियमसारख्या संस्था त्यासाठीच आहेत. पण हा सगळा छंद एकमेकांना तळघरात येऊ देण्यावर चालतो. ज्याला दुरुस्तीला बोलावलं त्यानंच चोरी केली असेल, तर पुढच्या वेळी कुणी दार उघडणार नाही आणि यंत्रं नादुरुस्तच राहतील.

तळघरं आता थोडी उघडू लागली आहेत. कॅलिफोर्नियात १९९७पासून ‘कॅलिफोर्निया एक्स्ट्रीम’ हा वार्षिक मेळावा भरतो. संग्राहक घरची यंत्रं ट्रकमध्ये घालून आणतात, नाण्याची अट काढून टाकतात आणि दोन दिवस कुणालाही खेळू देतात. शिकागोजवळ ब्रुकफील्ड गावात २०१०पासून ‘गॅलोपिंग घोस्ट’ आर्केड आहे, तिथं एकदा प्रवेशशुल्क भरलं की दिवसभर शेकडो यंत्रांवर खेळता येतं. न्यू हॅम्पशायरमधलं ‘फनस्पॉट’ १९५२पासूनचं, त्यात जुन्या यंत्रांचं वेगळं संग्रहालयच आहे. चालणारं यंत्र रोज चालवलं तर रोज थोडं झिजतं, तरी ते चालवावं असंच या सगळ्यांचं म्हणणं आहे, आणि मला ते पटतं. बंद ट्यूब नुसती काच असते.

हे वाचताना कुणाला आपल्या गावचं व्हिडिओ गेम पार्लर आठवलं असेल. नव्वदच्या दशकात एसटी स्टँडजवळ, थिएटरच्या बोळात, शाळेच्या वाटेवर ती होती. रुपया टाकायचा आणि ‘मुस्तफा’ खेळायचा. कॅपकॉमच्या १९९३च्या ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ला इथं कुणी त्या नावानं ओळखत नव्हतं, त्यातल्या टोपीवाल्या मुस्तफाच्या नावानंच तो साऱ्या भारतात चालला. खोकी स्थानिक सुतारानं केलेली, ट्यूब टीव्हीची, दांड्या दणकट. त्यातली किती उरली असतील? पार्लरं बंद झाली तेव्हा लाकूड जळणात आणि बाकी भंगारात गेलं, असंच सगळीकडे ऐकायला मिळतं. अमेरिकन कारखान्यात छापलेल्या खोक्याला आज संग्राहक आहे. आपल्या सुतारानं हातानं केलेल्या, देवनागरीत दुकानाचं नाव रंगवलेल्या खोक्याला नाही. ते खोकं मला त्याच्याइतकंच मोलाचं वाटतं, कारण तसं दुसरं कुठं झालं नाही.

कॅपकॉमच्या त्या अस्सल बोर्डावर एक बॅटरी असते. नक्कल होऊ नये म्हणून कंपनीनं चिपांच्या आत गुप्त किल्ल्या ठेवल्या आणि त्या बॅटरीच्या जोरावर जिवंत राखल्या. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते, चित्रं विस्कटतात, आवाज जातो. कंपनीच्या नंतरच्या ‘सीपीएस-२’ बोर्डांवर तर अख्खा खेळच उलगडत नाही. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी नकली बोर्ड चालत आणि त्यांना ही बॅटरी लागत नाही, त्यामुळे कुठं माळ्यावर पडलेला नकली मुस्तफा अजूनही चालू होण्याची शक्यता अस्सलपेक्षा जास्त आहे. अस्सल बोर्डही आता निकामी समजून फेकायचं कारण उरलेलं नाही. गेल्या दशकात हौशी संशोधकांनी त्या चिपांचं गुपित उलगडलं आणि मेलेल्या बोर्डात किल्ली परत लिहिण्याची रीत सगळ्यांसाठी खुली केली.

ज्यांनी ती पार्लरं चालवली ते लोक आता वयानं साठीच्या आसपास असतील. बोर्ड कुठून आणत, ट्यूब कोण बसवत असे, दिवसाचा गल्ला किती, पोलिसांशी आणि पालकांशी कसं निभावत, हे त्यांनाच माहीत आहे आणि ते विचारायला आजच जायला हवं. आणि कुणाच्या घरी, गोदामात असं खोकं उरलं असेल तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी मागचं दार उघडा, बोर्डाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, खोक्यावर रंगवलेली अक्षरं टिपून ठेवा. वर्षानुवर्षं बंद असलेल्या यंत्राला एकदम वीज देऊ नका. आधी जुन्या टीव्ही मेकॅनिकला बोलवा. असे मेकॅनिक अजून आहेत, आणि ट्यूबचा भार कसा उतरवायचा हे त्यांना सांगावं लागत नाही.